आतेचा रिकामा खोका

फोन आला तेव्हा मी गोदामात माल लावत होते. "आते गेली," भालदादा म्हणाला, आणि मग खोलीचंच सांगू लागला... "खोली लख्ख हाय गं. सकाळीच झाडली व्हती तिनं." रडू आलं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला. कारण त्या खोलीसाठी आमची आते लढली होती आणि जिंकली होती.

हौसाआते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कामतघरच्या लूमवर, कापडाच्या मागावर, उमर गेली, नंतर टेमघरच्या घरी गोधड्या शिवायची. मागची खोली जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांनी छतापर्यंत भरलेली. नात दहावीला गेली, तिला अभ्यासाला जागा हवी, म्हणून भालदादाने, तिच्या मुलाने, बजावलं, "दिवाळीपर्यंत खोली मोकली कर, न्हायतर चिंधीवाल्याचा टेम्पो बोलवीन." आतेने मला हाक मारली. गोदामातले खोके जागच्या जागी ठेवणारी मी, माझ्यापुढे गाठोडी ती काय! आते दोन दिवस दिघाशीला गेली, तेवढ्यात मी सगळी गाठोडी सोडली. लाल लालात, निळं निळ्यात, गोदामातून आणलेल्या खोक्यांवर रंगांच्या चिठ्ठ्या. आते आली आणि दारातच बसली.

"पोरी, तुज्या आज्याचा सदरा कुठं गेला?"

तिची गाठोडी रंगांची नव्हतीच, माणसांची होती. ज्याची गोधडी, ती त्याच्याच जुन्या कपड्यांची, असा तिचा नेम. मी सगळा गोतावळा कालवून ठेवला होता. लाजेने माझी मान वर होईना.

आतेने रागावण्यात वेळ घालवला नाही. तुकडा चिमटीत धरायची आणि नाव सांगायची. "ही शबानाची ओढणी." शबाना म्हणजे लूमवरची तिची जोडीदारीण. "ह्यो भालचा शालेचा शर्ट, खिसा बघ फाटका." मी माझ्या चिठ्ठ्या फाडल्या आणि नावांच्या लावल्या. एकही तुकडा ती चुकली नाही. सगळं लागल्यावर म्हणाली, "आता ठेवायचा न्हाय, संपवायचा." आणि शिवायला बसली ती बसलीच. शबाना येऊन दटावायची, "दीदी, बस करो, आँख जाएगी." आते सुई ओवत म्हणायची, "जाने दे, टेम्पो तो नहीं आएगा." एकेक गोधडी घरोघरी गेली, एकेक खोका रिकामा झाला.

धनत्रयोदशीला शेवटची गोधडी उरली, भालदादाची. शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा तुकडा घालायची तिची रीत. गोधडी उपाशी द्यायची नाही म्हणे. तो तुकडा तिने भालदादाच्याच हाताने घालून घेतला. तो आपल्या शाळेच्या शर्टाच्या खिशावरून हात फिरवत राहिला.

"बोलव आता तुजा टेम्पो," आते म्हणाली. भालदादा हसता हसता रडला. दुसऱ्या दिवशी नातीचं टेबल आत आलं.

आतेच्या तेराव्यानंतर, पडवीत रचून ठेवलेल्या रिकाम्या खोक्यांचा ढीग काढायला मी गेले. तळाशी एक खोका निघाला, त्यावरची चिठ्ठी माझी नव्हती. आतेच्या वाकड्या अक्षरात 'हौसा' लिहिलेलं. तोही रिकामाच. फार वाईट वाटलं... सगळ्यांना पांघरूण देऊन बाई स्वतःपुरती गोधडी विसरली की काय? घरी आले, आतेने मला शिवून दिलेली गोधडी उन्हात टाकली, तर उसवलेल्या कडेतून आतला थर डोकावत होता. आतेचं हिरवं लुगडं. मी भालदादाला फोन केला, म्हटलं, दोन टाके उसवून बघ. त्याच्या गोधडीत तेच हिरवं. शबानाच्या गोधडीतही तेच.

आमच्या गोदामात खोका रिकामा झाला की मोडून टाकतात. हा मी मोडू दिला नाही. नातीच्या टेबलाखाली आहे, ती त्यात वह्या ठेवते. चिठ्ठीवर आतेच्या नावाखाली मी एवढंच लिहिलं आहे : माल पोचला.