देवापुढे टांगलेला शोध

इनोकुची तामोत्सु यांच्या तोंडून एखादे गुपित फुटेल, असे जपानातल्या ओतोकुनी केइकी या कंपनीत कोणी स्वप्नातही मानले नसते. यंत्रांना डोळे पुरवणे हा या कंपनीचा व्यवसाय. कारखान्यातल्या पट्ट्यावरून वस्तू पुढे सरकली की नाही, ती सरळ आहे की कलली आहे, हे प्रकाशाच्या साहाय्याने ओळखणाऱ्या बोटभर आकाराच्या संवेदक-पेट्या येथे घडतात. संशोधन-विभागातला फळा दररोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसला जातो. तो पुसण्याचे काम इनोकुचींनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतले होते आणि केस पांढरे होईपर्यंत सोडले नाही. आगगाडीत शेजारी सहकारी बसला असला तरी ते हवापाण्याखेरीज बोलत नसत. घरी पत्नी सेत्सुको विचारी, "आज काय केलंत?" त्यावर ठरलेले उत्तर मिळे, "आज बरं गेलं."

"नवरा बाटल्या बघायला जातो, एवढंच मला ठाऊक आहे," असे सेत्सुको शेजारणींना सांगत असे. "पितो की नाही, तेही सांगत नाही."

बाटल्यांचे मात्र खरे होते. पारदर्शक काचेची बाटली ओळखणे हे यंत्राच्या डोळ्याला पडलेले जुने कोडे आहे. अपारदर्शक वस्तू प्रकाश अडवते, म्हणून तिचे अस्तित्व सिद्ध होते. काच जवळजवळ सारा प्रकाश जाऊ देते, आणि जो थोडा उणावतो त्यावरूनच तिला ओळखावे लागते. त्यात पेयाच्या कारखान्यात वाफ असते, तुषार असतात. भिंगावर धुके धरले की प्रकाश तसाही उणावतो आणि मग डोळ्याला जागोजाग नसलेल्या बाटल्या दिसू लागतात. या धुक्यावर उपाय शोधण्यात इनोकुचींच्या आयुष्याचा उत्तरार्ध गेला. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या एका वर्तुळाकार पट्ट्यावर अखंड फिरत, शेजारी किटलीतून वाफ सुटे आणि करड्या कोटातले इनोकुची त्या प्रदक्षिणेपुढे ध्यानस्थासारखे बसलेले असत.

उपाय सुचला तो बांबूच्या वनात. ओतोकुनीचा सारा परिसर बांबूंचा. एका थंडीत संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या चष्म्यावर श्वासाची वाफ धरली, आणि चष्मा पुसायला उचललेला हात मध्येच थांबला. चष्मा धूसर होता, तरी बांबू वेगवेगळे कळत होते. कारण बांबूंच्या मधली पोकळीही तितकीच धूसर झाली होती. बांबूकडे पाहायचे नाही, मधल्या उजेडाकडे पाहायचे. दोन बाटल्यांच्या मध्ये जी रिकामी जागा येते, तिचा प्रकाश दर वेळी मोजायचा. तो जेवढा मंदावला तेवढे धुके. ते वजा केले की उरते ती बाटली.

आपल्या दर्शनकारांनी अनुपलब्धी हे ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन मानले. भूतलावर घट नाही, हेही एक जाणणेच आहे, असे त्यांनी म्हटले. इनोकुचींनी हे शास्त्र वाचलेले नव्हते. त्यांनी अभावाला प्रमाण मानले आणि यंत्राला तसे मानायला शिकवले, इतकेच. त्यांच्या नावावर यापूर्वी पुष्कळ पेटंटे होती, पण ती सारी कोणाच्या तरी शोधावरची डागडुजी होती. हा शोध सर्वस्वी त्यांचा होता, आणि मार्चअखेर ते निवृत्त व्हायचे होते.

प्लमच्या झाडांना पहिली फुले आली त्या सुमारास पेटंट-विभागातल्या हिगाकी मुत्सुमी कागदपत्रे घेऊन त्यांच्याकडे आल्या. हिगाकी-सान ('सान' म्हणजे आपले 'जी') चाळिशीच्या, बोलायला चटपटीत आणि कामात कर्दनकाळ. शोधकर्त्याची सही घेण्यापूर्वी त्या एक प्रश्न नेमाने विचारीत. शोध जगापुढे आधीच उघड झाला असेल तर त्याचे नावीन्य संपते, म्हणून तो विचारावाच लागतो.

"हे कुठे छापलं नाहीत, कोणाला सांगितलं नाहीत, कुठे दाखवलं नाहीत. बरोबर?"

"नाही."

"तुम्हाला विचारणं म्हणजे दगडाला विचारणं. करा सही."

इनोकुचींनी सहीच्या जागी उठवायचा आपल्या नावाचा शिक्का हातात घेतला, आणि काही आठवून खाली ठेवला.

"देवाला सांगितलंय," ते म्हणाले.

हिगाकी-सान हसल्या. "देवाला सगळेच सांगतात. मनातल्या मनात ना?"

"पाटीवर."

हिगाकी-सानचे हसू ओठांवरच राहिले.

गावाबाहेरच्या टेकडीवर विद्येच्या देवाचे, तेंजिनचे, देवालय आहे. परीक्षेला बसणारी मुले तेथे नवसाची लाकडी पाटी विकत घेतात, तिच्यावर आपली इच्छा लिहितात आणि चौकटीला टांगतात. अर्ज दाखल करण्याआधी संशोधन-विभागही अशी एक पाटी टांगत असे. तिच्यावर दर वर्षी तेच वाक्य असे, "अर्ज सुफळ होवो." यंदा इनोकुची नववर्षाला एकटेच गेले होते.

"काय लिहिलंत नक्की?" हिगाकी-साननी विचारले.

"काय मागतोय ते. बाटल्यांच्या मधल्या रिकाम्या जागेचा प्रकाश दर वेळी मोजून, त्यावरून धुक्याचा अंश वजा करणारा डोळा कारखान्यात चुकू नये. खाली नाव आणि पत्ता."

"इतकं नीट कशाला लिहायचं, इनोकुची-सान?"

"देव यंत्रांचा जाणकार नाही," इनोकुची शांतपणे म्हणाले. "त्याला नीट सांगायला नको?"

जेवणाच्या सुट्टीत दोघे टेकडी चढले. पाटी जागच्या जागी होती. परीक्षार्थी मुलांनी तिच्यावर आपापल्या पाट्या टांगल्या होत्या, आणि हिगाकी-साननी त्या बाजूला सारल्या तेव्हा इनोकुचींचे सुवाच्य, रेखीव अक्षर दिसले. लाकडावर शाई कोठे पसरलीही नव्हती.

"हे वाचून कोणताही जाणकार यंत्र बनवील," त्या पुटपुटल्या. "एवढं स्वच्छ तर माझ्या अर्जातही नाही."

मग त्यांनी परिस्थिती सांगितली. जपानात शोधकर्त्याने स्वतःच उघड केलेल्या शोधाला एका वर्षाची सवलत आहे. तसे कबूल करून पुरावा जोडला की अर्ज चालतो. युरोपात ती सवलत नाही. तेथे पाटी कोणी वाचली की नाही, हेही कोणी विचारत नाही. कोणालाही वाचता येत होती, एवढे पुरते. आणि हा डोळा घेऊ इच्छिणारे बाटल्या भरण्याच्या यंत्रांचे कारखानदार जर्मनीतच होते.

हिगाकी-साननी आजूबाजूला पाहिले. आवारात कोणी नव्हते. "वर्षाअखेर या पाट्या होमात जाळतात ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुलांच्या ढिगाखाली होती. कोणी पाहिली नसेल. मी आज टेकडी चढलेच नाही असं समजा."

इनोकुची बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. आयुष्यभर फळा पुसणारा तो माणूस. ही पाटीही पुसावी असे त्यांना वाटले नसेल, असे कसे म्हणावे?

"हिगाकी-सान," शेवटी ते म्हणाले, "ज्याच्यापुढे टांगली त्याने तर वाचली असेल. अर्जावर 'कोणाला सांगितलं नाही' असं लिहायचं, आणि तो अर्ज सुफळ होवो म्हणून पुन्हा त्याच्याचकडे यायचं. जमायचं नाही."

"तुमचा हा एकच मोठा शोध आहे."

"म्हणूनच."

देवालयाचे वृद्ध गूजी, म्हणजे मुख्य पुजारी, पूर्वी शाळेत गणित शिकवीत. पाटी नववर्षापासून येथे सर्वांसमोर टांगलेली होती, असा दाखला हवा, हे ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आजवर लोक पास झाल्याचं सांगायला आले. टांगल्याचा दाखला मागायला तुम्हीच पहिले."

"पेटंट-कार्यालयाला लागतो, गूजी-सान," हिगाकी-सान म्हणाल्या.

"देतो की. पण टांगली होती, एवढंच लिहीन. देवाने मान्य केलं की नाही, ते माझ्या अखत्यारीत नाही."

"मान्य करणं पेटंट-कार्यालयाच्या अखत्यारीत आहे," हिगाकी-सान उत्तरल्या, "आणि तेही लवकर सांगत नाहीत."

दाखल्यावर शिक्का उठला. दोघे टेकडी उतरू लागले. हिगाकी-सानच्या मनात युरोपचा अर्ज घोळत होता. अर्ध्या वाटेवर त्या थबकल्या.

"बाटल्या एकमेकींना चिकटून आल्या, तर काय? मधे जागाच नसेल. ते नाही लिहिलंत पाटीवर?"

"नाही. त्यावरचा उपाय वेगळा आहे. अंगाला अंग लागलं तरी गळ्यापाशी फट उरते. तिच्यातला तिरपा प्रकाश दुसऱ्या, थोड्या कललेल्या डोळ्याने टिपायचा. फार खटपटीचं काम आहे ते."

"मग लिहिलं का नाहीत?"

"पाटीवर जागा उरली नाही," इनोकुची म्हणाले.

हिगाकी-सान तेथेच, ओल्या पायरीवर बसल्या आणि मनमोकळ्या हसल्या.

जपानमधला अर्ज पाटीच्या छायाचित्रासह आणि पुजाऱ्यांच्या दाखल्यासह दाखल झाला. युरोपचा अर्ज फक्त चिकटलेल्या बाटल्यांच्या उपायावर उभा राहिला. मधल्या मोकळ्या जागेची मूळ कल्पना त्या खंडात सर्वांची झाली. वरिष्ठांच्या बैठकीत इनोकुचींनी उभे राहून, वाकून क्षमा मागितली. बैठकीत कोणी कठोर बोलले नाही, पण निरोपसमारंभात विभागप्रमुखांनी त्यांच्या इतर कामाचा गौरव केला आणि या शोधाचा उल्लेख टाळला. तो टाळलेला उल्लेख इनोकुचींना बरोबर ऐकू आला. मधली जागा वाचणे हीच त्यांची विद्या होती. घरी आल्यावर सेत्सुकोने विचारले तेव्हा ते म्हणाले, "आज बरं गेलं."

एप्रिलमध्ये बांबूचे कोंब वर आले. सेत्सुको ते तांदळाच्या कोंड्यात उकडत होती. निवृत्त नवरा दिवसभर घरात म्हणजे काय, याचा अनुभव तिने नुकताच घ्यायला सुरुवात केली होती.

"सेत्सुको, चल," ते म्हणाले, "टेकडीवर जाऊ. इतकी वर्षं काय करत होतो ते दाखवतो."

"आता सांगता येतं वाटतं?"

"आता सगळ्यांना सांगता येतं."

तिने चुलीची आच मंद केली आणि कपडे बदलून ती निघाली. चौकटीपाशी उभी राहून तिने पाटी हळूहळू, एकेका अक्षराला मान देत वाचली. पुन्हा एकदा वाचली. खालचा पत्ता वाचताना ती किंचित हसली, कारण तो तिच्याही घराचा होता.

"मला कधी सांगितलं नाहीत, आणि देवाला एवढं नीट सांगितलंत," ती म्हणाली. "त्याने कधी तुमचा डबा भरला होता का?"

इनोकुचींनी मान खाली घातली. "नाही."

"चांगलं आहे पण. मधल्या जागेकडे बघायचं. समजलं मला." थोडा वेळ ती पाटीकडे पाहत विचार करीत राहिली. "आणि बाटल्या एकमेकींना चिकटल्या, तर हो?"

इनोकुचींनी तोंड उघडले. युरोपचा तो अर्ज अजून प्रसिद्ध व्हायचा होता, तोवर ते कंपनीचे गुपितच होते. त्यांनी तोंड मिटले, टेकडीखालच्या बांबूंकडे पाहिले आणि घसा साफ केला.

"ते अजून सांगता येत नाही," ते म्हणाले.

सेत्सुकोने एक दीर्घ निःश्वास सोडला आणि ती पायऱ्या उतरू लागली. कोंब चुलीवर होते.