खिडकीचं वेगळं भाडं

"माणसाला पाय पसरता आले पाहिजेत, मग बाकीचं बघून घेता येतं," असं सुतारकाम करणारे ते मिस्त्री येताजाता म्हणायचे. रंधा मारताना म्हणायचे, जेवून उठताना म्हणायचे, कुणी विचारलं नाही तरी म्हणायचे. त्यावर बायको म्हणायची, "पसरा, पसरा. उड्या मारत जायला मी आहेच."

त्यांचं बिऱ्हाड म्हणजे घराच्या मागच्या अंगाला एक लांबोडकी खोली आणि तिला चिकटून मोरी. खोलीला खिडकी एकच, पण ऐसपैस. सकाळचं ऊन आत यायचं ते थेट मुलीच्या पुस्तकांवर येऊन बसायचं. मुलगी यंदा कॉलेजात गेली होती. त्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या दिवसापासून मिस्त्रींची मान जरा ताठच असायची.

पण त्याच कॉलेजनं गावातल्या घरमालकांची अक्कल फिरवली होती. पोरं आली लोंढ्यानं, हॉस्टेल पुरेना. आधी घरं भाड्यानं जायची, मग खोल्या जाऊ लागल्या, आणि आता निघालं कॉटबेसिस. म्हणजे भाडं खोलीचं नाही, कॉटचं. एका खोलीत प्लायवुडची पार्टिशनं ठोकायची, चार कप्पे पाडायचे, कप्प्यात एक कॉट आणि कॉटवर एक पोर. पलीकडच्यानं कूस बदलली की अलीकडच्याला जाग यावी, अशी ती राहणी. पार्टिशनं ठोकायला बोलावणं मिस्त्रींनाच यायचं. हाताला काम होतं, त्यामुळे ते फार बोलत नसत.

एके दिवशी घरमालकीण अंगणातून म्हणाली, "मिस्त्री, टेप घेऊन या हो. एका खोलीचं माप घ्यायचंय."

कानावर पेन्सिल खोचून मिस्त्री निघाले. मालकीण पुढे, हे मागे. ती घराला वळसा घालून, नळ ओलांडून, मिस्त्रींच्याच दारात येऊन उभी राहिली. आत बायको भाजी चिरत होती.

"कुठली खोली, काकू?"

"ही काय, समोर आहे ती."

मिस्त्रींना थट्टा वाटली. ते हसलेसुद्धा.

"हसताय काय? चार कॉट आरामात बसतात. आता फक्त शिकणाऱ्या मुलींनाच द्यायचं ठरवलंय. फॅमिली नकोच बाई."

"माझी मुलगी शिकतेच की."

"मग तिला देते ना एक कॉट. मी काय परकी आहे का? तुम्हा दोघांचं तुम्ही बघा."

आतून बायको म्हणाली, "आणि मी स्वयंपाक कुठे करू? कॉटखाली?"

"स्वयंपाकाला परवानगी नाही," मालकीण शांतपणे म्हणाली. तिला तो प्रश्न खराच वाटला होता.

मग दोघं नवरा-बायको संध्याकाळी घरं शोधत हिंडू लागली. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, "किती पोरं आहात?" बायको आणि मुलगी म्हटलं की दार लोटलं जायचं. एका मालकानं जिन्याखालची जागा दाखवली. बायकोनं वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "हे कपाट आहे की खोली?" मालक म्हणाला, "कपाट नाही मिळणार." दुसऱ्या एकानं कप्पे दाखवले आणि हसून म्हणाला, "तुम्हाला काय दाखवायचं, मिस्त्री? तुमच्याच हातचे आहेत." मिस्त्रींनी त्या प्लायला बोट लावलं नाही.

शेवटी उरली ती लाकडाची वखार. वखारवाला तिथली शेड द्यायला तयार होता, पण वखार पडली गावाबाहेर. सकाळची पहिली बस प्रॅक्टिकल सुरू झाल्यावर पोचायची, आणि उशीर करणाऱ्याला आत घेत नसत. मुलगीच म्हणाली, "बाबा, मी इथेच कॉट घेते. तुम्ही दोघं जा शेडमध्ये."

मिस्त्री मालकिणीकडे गेले. "पार्टिशन मी करतो. मजुरी नको, प्लायही माझाच. फक्त खिडकीकडचा कप्पा माझ्या मुलीचा."

"घ्या हो. खिडकी काय खायची आहे मला?"

मिस्त्रींनी कामात जीव ओतला. असं पार्टिशन गावात दुसरं नव्हतं. मुलीच्या कप्प्याला खरं दार केलं, आतून कडी, पुस्तकांना फळी. शेवटचा स्क्रू बसला न बसला तोच मालकीण एका नव्या मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन आली. ते गृहस्थ खिडकीशी थांबले. "ही हवेशीर आहे. हीच घेऊ."

मालकीण वळली. "मिस्त्री, तुमच्या मुलीला कोपऱ्यातली चालेल ना? नाहीतर खिडकीचं वेगळं भाडं द्या आणि हीच ठेवा."

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"खिडकीकडची घ्या म्हटलं. फुकट घ्या कुठे म्हटलं?"

मिस्त्रींचा आवाज चढला नाही. "ऊन काय तुमच्या घरात पिकतं का, काकू? वाऱ्याला घातलंत जेवायला कधी? वाकून वाकून राहिलो, आता त्याचंही भाडं लावाल." एवढं बोलून त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि नुकताच बसवलेला स्क्रू उलटा फिरवला.

"अहो, हे काय करताय? पाहुणे आलेत."

"भिंती तुमच्या, त्या ठेवा. प्लाय माझा आहे. आणि पाहुण्यांनाही बघू द्या की, खोली केवढी होती ती."

एकेक फळी उतरू लागली तसतसं ऊन पुढे सरकत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलं. मुलीनं येऊन फळीचं खालचं टोक धरलं.

"प्रॅक्टिकलचं काय करशील?" त्यांनी हळूच विचारलं.

"सायकल काढीन. नाही पोचले तर बाहेर उभी राहीन. पण इथे नको, बाबा."

दुपारी हातगाडी निघाली. गाडीवर प्लाय, त्यावर गाद्या, गाद्यांवर भांड्यांचं पोतं. मिस्त्री पुढे ओढत होते, मायलेकी मागून रेटत होत्या. मालकीण कधीच दार लावून आत गेली होती. नवी मुलगी मात्र खांद्यावरची बॅग न उतरवता खिडकीत उभी होती. मागून वडील विचारत होते, "काय गं, घ्यायची का?" गाडी वखारीच्या रस्त्याला वळेपर्यंत ती मिस्त्रींच्या पाठीकडे बघत राहिली.