प्रेसमध्ये दाबलेलं पॅराशूट

पॅराशूटच्या पाठीवर सुतळीची शिवण होती.

मी ती बोटानं चाचपली. दाभणानं घातलेले टाके, प्रत्येक टाका बोटभर लांब, शेवटी दुहेरी गाठ. सरकीचं पोतं शिवतात तशी. हे पॅराशूट अर्ध्या तासात फुलसिंग राठोडच्या पाठीवर चढणार होतं. जवळच्या बंजारा तांड्यावरचा फुलसिंग माझ्या शेजारीच उभा होता. नवी खाकी हाफपँट, चापून बसवलेले केस, कपाळावर कुंकू. विमान त्यानं जन्मात पहिल्यांदा त्याच सकाळी पाहिलं होतं.

“सही करा आणि द्या,” दादासाहेब म्हणाले. “पायलट खोळंबलाय.”

दादासाहेब म्हणजे घाटंजीतले मोठे वकील आणि संरक्षण निधीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष. चीनची लढाई थांबून दोन-अडीच महिने झाले होते. गावोगाव मिरवणुका, भाषणं, दागिन्यांच्या थाळ्या चालू होत्या. घाटंजीच्या समितीला काहीतरी वेगळं करायचं होतं. म्हणून गावाबाहेरच्या माळावर मुरूम टाकून धावपट्टी केली, नागपूरहून पॅराशूटच्या जोडीसकट एक लहान विमान भाड्यानं आणलं आणि हँडबिलं वाटली: ‘आकाशातून उडी! तांड्याच्या वीराचे साहस!’ दुपारपर्यंत आर्णीपासूनच्या बैलगाड्या माळाच्या कडेला लागल्या होत्या.

मला बोलावलं ते फक्त सहीसाठी. मी लष्करात चार वर्षं पॅराशूट पॅकर होतो. कानाचा पडदा फाटल्यावर सुटलो. आता इथल्या कापसातून सरकी काढणाऱ्या एका लहानशा जिनमध्ये फिटर आहे आणि मजुरांसाठी पत्रकं लिहितो. त्या पत्रकांत मी विशेषणं फार वापरतो, असं लोक म्हणतात. इथे वापरणार नाही. जे झालं ते तसंच सांगितलं तरी पुरे आहे.

पॅकरचं काम काय, ते आधी सांगतो. पॅराशूट आपोआप उघडत नाही. ते उघडेल असं कुणीतरी बांधून ठेवलेलं असतं. लांब, स्वच्छ टेबलावर कापड पसरायचं. त्याला आम्ही कॅनोपी म्हणतो. तिची एकेक पाकळी हातानं सारखी करायची. दोऱ्या एकमेकींत न अडकवता नागमोडी बसवायच्या. घड्या अशा घालायच्या की वारा शिरायला वाट राहील. मग खोळ मिटायची, तीही एका झटक्यात सुटेल अशी. विमानात एक पट्टा अडकवलेला असतो, त्याला स्टॅटिक लाइन म्हणतात. माणूस बाहेर पडला की तो पट्टा ताणला जातो आणि खोळ उघडतो. माणसाला काही करावं लागत नाही. सगळं पॅकरनं आधीच केलेलं असतं.

म्हणून प्रत्येक पॅराशूटबरोबर एक लॉग कार्ड असतं. कुणी बांधलं, कधी बांधलं, खाली सही. आमच्या युनिटमध्ये एक रिवाज होता. साहेब कुठल्याही दिवशी पॅकिंगच्या खोलीत येई, कुठल्याही पॅराशूटवर बोट ठेवी आणि म्हणे, “ज्यानं बांधलं त्यानं चढवा. चला विमानाकडे.” माझ्यावर ही वेळ दोनदा आली. दोन्ही वेळा मी बिनघोर चढलो, कारण बांधताना मी घाई केली नव्हती.

नागपूरच्या पायलटनं हट्ट धरला होता की कार्डावर जाणकाराची सही हवी, तरच माणूस विमानात घेईन. त्यासाठीच मला बोलावणं होतं.

“हे कुणी बांधलं?” मी विचारलं.

“झालंय बांधून. तुम्ही सही करा.”

“मी बांधलेलं नाही. सही कशाची करू?”

“अहो, एका सहीनं तुमचं काय जातंय?”

“माझं काही जात नाही. याचं जातं.” मी फुलसिंगकडे बोट केलं.

दादासाहेब हसले. “तांड्याचा गडी आहे तो. डोंगर उतरतो, विहिरीत उतरतो. त्याला कसली भीती?”

मला तिथेच संताप आला. भीतीचा प्रश्नच नव्हता. घाबरलेल्या माणसाचं पॅराशूट उघडतं आणि शूराचं उघडत नाही, असं कधी होत नाही. आणि समितीत अकरा जण होते. सगळ्यांना तरणी मुलं होती. एकालाही आपल्या मुलाला आकाशातून देशसेवेला पाठवायचं सुचलं नव्हतं.

“तुला शिकवलं कुणी?” मी फुलसिंगला विचारलं.

“पीटीचे मास्तर. दोन दिवस शिकोलं.”

“काय शिकवलं?”

“शाळेच्या ओट्यावरून उड्या मारल्या. खाली आलं का सावधान उभं राहाचं. मंग सॅल्यूट.”

“पाय ताठ ठेवायचे?”

“हो न. एकदम ताठ. मास्तर म्हनले, वाकला तं लोक हासतीन.”

पॅराशूटनं उतरताना पाय ताठ ठेवले तर घोटे मोडतात, गुडघे मोडतात, कधी कंबरही. दोन्ही पाय जुळवायचे, गुडघे सैल सोडायचे, जमीन लागली की अंग एका कुशीवर लोळवायचं. पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ, अशा क्रमानं धक्का अंगभर वाटून घ्यायचा. लष्करात विमान दाखवायच्या आधी कितीतरी दिवस हेच करून घेतात. इथे फुलसिंगला जमिनीवर आदळून सॅल्यूट ठोकायचा होता.

“दुसरं पॅराशूट कुठं आहे?” मी विचारलं.

“दुसरं?”

“छातीवरचं. रिझर्व्ह. पहिलं उघडलं नाही तर हातानं ओढायचं.”

 दादासाहेबांची नजर नकळत वर गेली, म्हणून मीही वर पाहिलं. आम्ही व्यासपीठाच्या सावलीत उभे होतो. ती सावली पांढऱ्या रेशमी कापडाची होती. चार बांबूंना खिळ्यांनी ठोकलेली, मधे झेंडूची माळ.

“पाहुण्यांना ऊन लागत होतं,” ते म्हणाले. “आणि पहिली छत्री उघडल्यावर दुसरीचं काम काय?”

 बोललो असतो तर शिवी गेली असती.

मी चाकू काढला आणि खोळीच्या कोपऱ्यातले दोन टाके तोडले. आत बोट घातलं. बोट शिरेना. पॅराशूट आत मऊ असतं, उशीसारखं दबतं. हे लाकडासारखं होतं. बोट बाहेर काढलं तर टोकाला काळं ग्रीस.

“ज्यानं बांधलं त्याला बोलवा. नाहीतर मी पायलटला जाऊन सांगतो.”

शेवटी माणूस आला. किसनराव, दादासाहेबांच्या मेहुण्याच्या प्रेसमधला जमादार. प्रेस म्हणजे रुईच्या गठाणी दाबायचं यंत्र. सरकी काढलेली रुई खोलीभर असते, ती दाबून पेटीएवढी करतात, पट्ट्या आवळतात, बारदान शिवतात. किसनरावांनी उभी हयात तेच केलेलं. माणूस सरळ. हातात टोपी घेऊनच आला.

“किसनराव, हे तुम्ही बांधलं?”

“हो, म्याच बांधलं.”

“कसं?”

“शाळेत तीन दिवस लोकायले पाहाले पसरून ठेवलं होतं न ते. मंग मले म्हनले, थैलीत भरून द्या. थे काही थैलीत मावेना. एवढा मोठा पसारा, एवढीशी थैली. मंग प्रेसमंदी घेतलं. दोन दाब देल्ले. बसलं बरोबर.”

“आणि सुतळी?”

“तोंड उलगडत होतं. म्हनलं, रस्त्यात उसवू नये.” मग त्यांनी खोळीचे पट्टे पाहिले, फुलसिंगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. “काहून? हे कायले पाहिजे होतं?”

“याला बांधून विमानातून सोडणार आहेत.”

किसनराव खाली बसले. “बाप्पा! म्या तं गठाण बांधली. आत मानूस लटकनार हाय, हे मले कोनी सांगतलं नाही.”

मी किसनरावांवर रागावलो नाही. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी चोख केलं होतं. राग आला तो तीन दिवस प्रदर्शन मांडून, भाषणं करून, कापडाला हात लावायच्या रांगा लावून, बांधायच्या वेळी ‘थैलीत भरून द्या’ एवढंच सांगणाऱ्यांचा.

दादासाहेबांनी आवाज चढवला. “हे बघा, चार-पाच हजार लोक बसलेत. सीमेवर जवान बर्फात उभे आहेत आणि तुम्ही इथे दोऱ्या मोजताय? देशाच्या वेळेला असा खोडा घालणारे लोक कोण असतात, ते आम्हाला कळतं.”

“कार्ड आणा,” मी म्हणालो. “सही तुम्ही करा. मात्र सही करणाऱ्यानं ते चढवून आधी उडी मारायची, हा आमचा रिवाज आहे.”

त्यांनी कार्ड हातात घेतलं नाही. माझ्याशी बोलायचं सोडून ते फुलसिंगकडे वळले. “काय रे, तू तयार आहेस ना?”

फुलसिंगनं मान हलवली. “हो साहेब. तुमी चपराश्याची जागा म्हनलं हाय न?”

तेव्हा मला कळलं, हा का उभा आहे. शौर्य वगैरे हँडबिलापुरतं. त्याला एका कचेरीत चपराशी लावून द्यायचा शब्द दिला होता. आता सही अडवून भागणार नव्हतं. हे लोक दुसरी सही आणतील आणि हा चढेल. त्याला डोळ्यांनी दाखवणं भाग होतं.

मी पायलटकडे गेलो. तो लष्करातूनच निवृत्त झालेला. टाके पाहून त्यानं नुसता ओठ चावला. “मला सांगितलं, समितीच्या एक्स्पर्टनं तपासलंय,” तो म्हणाला. समितीला वाटत होतं, तपासायचं ते पायलट तपासेल. दोघांच्या मधे फुलसिंग उभा.

“आधी पोतं टाकू,” मी म्हणालो. “त्याच्याच वजनाचं. उघडलं तर मी स्वतः परत बांधून सही करतो.”

दादासाहेबांना हे पटलं, कारण लोक कंटाळले होते आणि विमान उडायला हवं होतं. जवळच्या जिनमधून काटा आणला. फुलसिंगला एका पारड्यात बसवलं आणि दुसरीकडे पोत्यात सरकी भरत गेलो. पारडी सारखी झाली तेव्हा लोकांत हशा पिकला. “लगन हाय काय गा नवरदेवा?” त्याचं कुंकू आणि चापलेले केस पाहून कुणीतरी ओरडलं. फुलसिंगही हसला. त्याची आई, त्याची याडी, गर्दीच्या पुढेच बसली होती. ती हसली नाही.

पोत्याला पट्टे आवळले आणि मी त्याच्याबरोबर वर गेलो. माळाच्या पलीकडे नाल्याकाठी पडीक जमीन होती, माणूसकाणूस नव्हतं. पायलटनं वेग कमी करून हात वर केला. मी पोतं ढकललं.

स्टॅटिक लाइन ताणली गेली. शिवण एका बाजूनं उसवली, दुसरीकडून धरून राहिली. फटीतून पांढरा लांबट बोळा बाहेर आला, शेपटीसारखा फडफडला, स्वतःभोवतीच पिळला गेला. वारा शिरायला त्यात वाटच नव्हती. पोतं सरळ खाली गेलं. वरून आवाज आला नाही, धुळीचा एक गोल तेवढा दिसला.

आम्ही उतरलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. लाउडस्पीकरवरून दादासाहेबांनी जाहीर केलं होतं, “हा होता कार्यक्रमाचा पहिला भाग!”

फुलसिंग टाळ्या ऐकायला थांबला नव्हता. तो धावत पोत्यापाशी गेला होता. मी पोचलो तेव्हा तो उकिडवा बसला होता. बारदान फाटून सरकी दहा हात पसरली होती. हार्नेसचे पट्टे मात्र शाबूत, बक्कल लावलेलं. त्यानं मूठभर सरकी उचलली आणि मला दाखवली.

“हे मी होतो काय, साहेब?”

“हो,” मी म्हणालो.

दादासाहेब धापा टाकत आले. काय बोलले, ते शब्दशः लिहितो. “पोतं ते पोतं. माणूस असता तर हातपाय हलवून सुटला असता. व्यासपीठावरची दुसरी छत्री काढून घेऊ वाटल्यास.”

त्यांच्या मागून याडी आली होती. तिनं मुलाचं मनगट धरून त्याला उभं केलं आणि दादासाहेबांना म्हणाली, “तुमचा खेल झाला असन, तं माह्या पोराले घरी नेऊ का?”

ती उत्तरासाठी थांबली नाही. फुलसिंग चार पावलं जाऊन वळला. “साहेब, थ्या जागेचं?”

“उडी नाही, जागा नाही,” दादासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी माझ्या खोलीतलं पत्रकांचं गाठोडं नेलं. मी चीनचा हस्तक आहे, अशी कुणीतरी लेखी तक्रार केली होती. पत्रकांत जिनमध्ये हात गेलेल्या मजुरांच्या भरपाईची मागणी होती. तीन दिवसांनी गाठोडं परत आलं, पानं मागेपुढे लावून. समितीच्या अहवालात ‘पॅराशूटचे प्रात्यक्षिक यशस्वीरीत्या पार पडले’ असं छापलं आहे.

फुलसिंग महिनाभरानं माझ्याकडे आला. रागावला होता. “तुमी सही केली असती तं माही जागा पक्की होती,” म्हणाला. मी म्हणालो, “तुझ्या याडीला विचार.” तो चहा प्यायला, पण राग गेला नाही. जायलाही नको. मी त्याच्या जागेसाठी दोन अर्ज लिहिले आहेत. अर्जात लिहिलंय की जागेचा शब्द उडीला तयार होण्यासाठी दिला होता, आणि तयार तो होताच. तो आज जिवंत आहे आणि बेकार आहे.

विमानातून उडी मारायची हौस असेल त्यानं खुशाल मारावी. खेळ चांगला आहे, मी स्वतः मारल्या आहेत. पण आपलं पॅराशूट बांधताना समोर उभं राहा. बांधणाऱ्याचं नाव विचारा. छातीवरचं दुसरं मागा. आणि तुम्ही दोरीबद्दल विचारल्यावर समोरचा माणूस देशाबद्दल बोलायला लागला, तर बक्कल सोडा आणि चालत घरी जा.