पिनकोड मावशींचा मंडईचा पत्ता

मांडवात नवरी आली की बायका तिचे दागिने बघतात. पिनकोड मावशी तिच्याकडे बघून म्हणायच्या, "चला, हिचा पत्ता बदलला." मग पंगतीत तिच्या सासूला गाठून सासरचं गाव, डाकघर, सगळं विचारून घ्यायच्या. माझ्या लग्नातही त्यांनी हेच केलं असणार. कारण मी गोंदियाला सासरी आले आणि महिनाभरात एका साडीच्या दुकानाचं कार्ड माझ्या नव्या नावानं दारात हजर झालं. पुढे त्याच दुकानात मी कॉम्प्युटरवर बसायला लागले, तेव्हा हा उद्योग कुणाचा ते कळलं.

लग्नसराईच्या आधी आमच्या दुकानातून जिल्हाभर कार्डं जायची. कार्ड दाखवा, ब्लाउजपीस फुकट न्या. ती योग्य दारी पोचावीत म्हणून पत्ते साफ ठेवायचं आणि गड्ड्या पिनकोडप्रमाणे बांधायचं काम मावशींचं, म्हणून तर त्या पिनकोड मावशी. कोण वारलं, कोण घर सोडून गेलं, कुणाचं नाव दोनदा चढलं, हे त्या फोनवर विचारत. विचारणं मात्र अस्सल झाडीपट्टीचं. आमगावकडच्या एका घरी फोन लावून त्यांनी सरळ विचारलं, "बुढी हाय का गेली?"

पलीकडून उत्तर आलं, "हाय ना बाई. मीच बोलून राहिली."

मावशी जराही ओशाळल्या नाहीत. "मंग बरं झालं, कार्ड चालूच राहील," म्हणाल्या आणि पुढचा नंबर लावला.

तरी कार्डं परत यायचीच. एका दिवाळीच्या तोंडावर शेठ म्हणाले, "मौसी, अब सबके पास मोबाइल है. लग्नसराईत कार्ड वापस आले तर हे काम बंद." कार्ड बंद म्हणजे मावशींची खुर्चीही बंद, आणि दिवसभर काउंटरवर उभं राहायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. मला त्यांच्यापेक्षा जास्त धसका बसला. त्या गेल्या असत्या तर त्या दुकानात मी बोलायचं कुणाशी?

मावशी म्हणाल्या, "फोनवर कोनी धड सांगत नाही. मंडईले चाल."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी दंडारीचा नाच असतो, रात्री नाटक असतं, आणि पुण्याला कामाला गेलेली जोडपी, लांब दिलेल्या लेकी, सगळे घरी असतात. मावशींचं स्वतःचं गाव सौंदड. तिथून सुरुवात करून आम्ही कितीतरी मंडया पालथ्या घातल्या. चिवडा-जिलेबीच्या गर्दीत मावशी विचारायच्या, मी लिहायची. जो तो सांगायचा, "इथलंच लिहा ना मावशी." आम्हीही लिहिलं. इतके साफ पत्ते आजवर जमले नव्हते, म्हणून दोघी खूश.

लग्नसराईची कार्डं गेली आणि पोतंभर परत आली. कुणी पुण्याला, कुणी नागपूरला, कुणाचं घर बंद. एका दिवसासाठी घरी आलेल्या माणसांचे पत्ते आम्ही वर्षभरासाठी उतरवून आणले होते.

मला हसू आवरेना. मावशी मात्र त्यातली एक गड्डी मांडीवर घेऊन दुपारभर एकेक कार्ड उलटून बघत राहिल्या. चहासुद्धा निवून गेला. मग एकदम म्हणाल्या, "पत्ता नाही चुकला, बाई. तारीख चुकली."

शेठकडून त्यांनी पुढच्या मंडईपर्यंतची मुदत मागून घेतली. पुढच्या दिवाळीत जन्मभराची पिनकोडची शिस्त बाजूला ठेवून त्यांनी गड्ड्या मंडईच्या दिवसाप्रमाणे बांधल्या. ज्या गावाची मंडई आधी, त्याची कार्डं आधी टपालात. माणसं घरी आली तेव्हा कार्डं दारात त्यांची वाट बघत होती. सासरी जायच्या आधी लेकी आयांना घेऊन दुकानात आल्या, प्रत्येकीच्या हातात कार्ड. ब्लाउजपीस संपले. शेठ म्हणाले, "मौसी, इतने भी सही पते मत रखो." कार्डं बंद करायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

मावशी नोकरीतून सुटल्या त्या गेल्या वर्षी, स्वतःच्या मर्जीनं. गुडघ्यांपायी मुलानं त्यांना रायपूरला नेलं. मी लगेच फोन केला. "मावशी, नवा पत्ता सांगा."

"कायले?"

"कार्ड पाठवायला."

"सौंदडचाच राहू दे. मंडईले मी घरीच राहीन. तवा धाड."

जिल्ह्यातल्या लेकींचे पत्ते बदलत आलेली बाई स्वतःचा काही बदलू देईना. म्हातारपणी एवढा प्रवास कोण करतं, असं मनात म्हणत मी कार्ड सौंदडला टाकलं. ते परत आलं नाही. सौंदडच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी मावशी काठी टेकत दुकानात आल्या, कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "ब्लाउजपीस दे. हिरवा." मी त्यांना तिथंच मिठी मारली. गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत.

यंदाची सौंदडची गड्डी आजच बांधली. सगळ्यात वर मावशींचं कार्ड आहे. रायपूरचा पत्ता मी अजून विचारलेला नाही, विचारणारही नाही.