लांब पाठीची पांढरी गाडी घेऊन वरकुट्याला

त्या शनिवारी सकाळी पूजा आटोपून मी भजनाचा पखवाज पाठीवर घेतला आणि कोऱ्हाळे बुद्रुकहून एसटीने बारामती गाठली. माझा शाळासोबती राजाभाऊ तिथे जुन्या गाड्या विकतो. त्याच्याकडे एकाच दमदार इंजिनाच्या दोन गाड्या आल्या होत्या, लाल हॅचबॅक आणि पांढरी इस्टेट, म्हणजे मागे सामानासाठी लांब पाठ असलेली. मला एक घ्यायची होती, आणि मन इस्टेटवर जडलं होतं.

हॅचबॅक टकरीला उभ्या राहिलेल्या एडक्यासारखी दिसते. आखूड, मान खाली, अंगात नुसती घाई. इस्टेटचं छत मात्र पुढच्या काचेवरून निघतं ते थेट शेपटापर्यंत जातं, कुठेही तुटत नाही. तिचा जोर रुंद चाकांत दडलेला. अंगात ताकद असून गप्प राहणारी माणसं मला आवडतात, तशीच ही गाडी आवडली. पखवाज मागे सहज आडवा झाला.

"बुवा, चालवून बघ. वरकुट्याला अक्काकडं जाऊन येऊ," राजाभाऊ म्हणाला. अक्का माझी थोरली बहीण. आईमागे तिनेच मला वाढवलं. तिला दाखवल्याशिवाय मी मोठी खरेदी करत नाही.

भिगवणपर्यंतचा रस्ता चांगला आहे, पण हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे धीर धरावा. भिगवणला मासे ताजे मिळतात. राजाभाऊने थाळी मागवली, माझा शनिवार म्हणून पिठलं-भाकरी. दोघांचं मिळून पाचशेच्या आत. दुसराच घास घेतला आणि अक्काचा फोन आला.

"दत्ता कालपासनं फोन उचलत न्हाय रं. घाटात गाडी घिऊन गेलाय. माझं काळीज थाऱ्यावर न्हाय."

दत्ता तिचा मुलगा, कंटेनर चालवतो. "निघालोच," म्हणालो आणि ताट तसंच सोडलं. कुठल्या गाडीतून येतोय, हे सांगायचं सुचलंच नाही.

हायवेला पाय दाबला. पुढच्यांनी वाट द्यावी म्हणून दिवे लावले. गाडी तसूभर डगमगली नाही. हात स्टिअरिंगवर, मनात नामस्मरण. वरकुट्यात शिरलो तशी पारावरची माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

"कुणाचं हाय रं?" कुणीतरी ओरडून विचारलं.

"बुवा," राजाभाऊ हळूच म्हणाला, "ह्यांना ही शववाहिका वाटतीया."

तोवर घर आलं होतं. अक्का बाहेर आली. माझ्याकडे न बघता सरळ गाडीच्या मागे गेली आणि काचेला कपाळ लावून उभी राहिली.

"आत कोन हाय?"

"कोन न्हाय, अक्का. पखवाज हाय." मी मागचं दार उघडलं.

तिने पखवाजावर हात फिरवला. मग तोच हात माझ्या पाठीत बसला. "मुडद्या, सांगून यायला काय झालं हुतं?"

तासाभराने दुसऱ्या ड्रायव्हरच्या नंबरावरून दत्ताचा फोन आला. मोबाईल पडून फुटला होता. जमलेल्या बायका हसल्या, चहा झाला.

"अक्का, आता कशी वाटती गाडी?" राजाभाऊने विचारलं.

"देखणी हाय की. म्या बसंन बी. पर ही गल्लीत आली, की जिचं माणूस बाहेर हाय ती बाई दारात येनार."

आठवडाभर त्या छताची रेष डोळ्यांपुढून हलली नाही. शोभेत, वेगात ती गाडी कुठेच कमी नव्हती. पण मला भजनाला गावोगाव जायचं असतं, आणि दर गावात कुणीतरी बाहेर गेलेलं असतंच. काल सकाळी बारामतीला गेलो. इस्टेटवरून एकदा हात फिरवला आणि हॅचबॅक घेऊन घरी आलो.