हलके पेडल आणि बाभुळगावचा रस्ता

मैत्रिणींनो, साठीनंतर सायकल ग्रुपमध्ये मी नेहमी मागे पडते, म्हणून रोड बाईकला हलके क्लिपलेस पेडल घ्यायचे होते. त्यात बुटाच्या तळाला बसवलेली क्लीट नावाची पट्टी अडकते. टाच बाहेर वळवली की सुटते.

आज सकाळी ग्रुपमधल्या सुनीताने तिचे पेडल आणि बूट वापरायला दिले. बाभुळगाव रस्त्यावरचा चढ इतका सहज गेला की कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांची नजर चुकवून सायकल पिटाळायचे ते दिवस आठवले.

तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आमच्या जुन्या शेजारी गंगाकाकूंनी हाक मारली, "काहून वो, न बोलताच चालली?"

मी ब्रेक दाबला आणि सवयीने पाय टेकवायला गेले. पाय सुटलाच नाही. सायकलसकट आडवी झाले.

माझ्या कोपराची माती झटकत काकू म्हणाल्या, "असे पाय बांधून कायले फिरून राह्यली? चाल, चहा घे."

सुनीता म्हणते, सरावाने जमेल. जमेलही. पण या रस्त्यावर हाक मारणारी माणसं आहेत आणि मला थांबायचं असतं. म्हणून एका बाजूने साधे, दुसऱ्या बाजूने क्लीट अडकवायचे पेडल मागवले. थोडे जड आहेत. मागे पडले तर ग्रुपने पुढे जावं.

तुमच्यापैकी कुणी असे वापरता का?