आबांचे तीन रणगाडे

माझ्या वडिलांनी एकाहत्तरच्या युद्धात शत्रूचे तीन रणगाडे उडवले, ही गोष्ट मी त्यांना स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना सांगितलेली होती.

सुरुवातीला रणगाडा एकच होता. मी चौथीत असताना साक्रीजवळच्या आमच्या गावात वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "तुझा बाप फौजेत काय करतो रे?" आबा फौजेत लंगरवर होते, म्हणजे जवानांचा स्वयंपाक करायचे. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण विचारणाऱ्याचा बाप पोलीस होता, कमरेला रुंद पट्टा लावून गावातून फिरायचा. 'पुऱ्या तळतात' हे शब्द काही केल्या माझ्या तोंडून निघेनात. "रणगाडे उडवतात!" मी म्हणालो. दुसरा रणगाडा सातवीत उडाला. तिसरा माझ्या लग्नाच्या बैठकीत, सासऱ्यांसमोर. (चौथाही गेला असता, पण तेवढ्यात पोहे आले.)

आज मी बावन्न वर्षांचा आहे. धुळ्याला देवपुरात राहतो, हायस्कूलला मराठी शिकवतो. आई गेल्यापासून आबा आमच्याकडेच असतात. वय अठ्ठ्याहत्तर, चालताना डावा पाय जरा ओढतात, आणि दिवसभरात बोलतात ते मोजून दहा वाक्यं. त्यांतलं एकही युद्धाबद्दल नसतं. त्यामुळे माझे रणगाडे इतकी वर्षं सुखरूप होते.

यंदा प्रजासत्ताक दिनाला कॉलनीच्या मंडळाने आबांचा सत्कार करायचं ठरवलं, आणि घोळाला सुरुवात झाली. मंडळाचे अध्यक्ष चौधरीभाऊ. माणूस भला, पण उत्साह असा की घरात पाल निघाली तरी मांडव घालतील.

"सर, बॅनरला माहिती पाहिजे," ते म्हणाले. "तीन रणगाडे ना?"

खरं बोलायची हीच वेळ होती. मी घसा साफ केला.

"हो," मी म्हणालो. "साधारण तीन."

(साधारण!)

फोटोसाठी मी आबांच्या ट्रंकेत हात घातला. गणवेशातला एकच फोटो निघाला. तरुण आबा, मागे तंबू, हातात हा एवढा मोठा झारा, चेहऱ्यावर हसू. बॅनर छापून आला तेव्हा छापणाऱ्याने झारा पुसून तिथे बंदूक बसवलेली होती. हसू मात्र तसंच ठेवलं होतं. बंदूक रोखून इतकं प्रेमाने हसणारा सैनिक जगात दुसरा नसेल.

आदल्या दिवशी पहूरहून माझी थोरली बहीण आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. रिक्षातून उतरता उतरताच तिने बॅनर वाचला.

"सुभ्या, रणगाडे कधी फोडले रे आबांनी?"

"हळू बोल, अक्का!"

"अरे, त्यांना तर गोळी लागली होती."

"गोळी? कुठे?"

"पायाला. मी सासरी तसंच सांगितलंय."

"अगं, पायावर उकळतं तेल सांडलं होतं त्यांच्या!"

"मग काय सासूबाईंना तेल सांडलं म्हणून सांगू?" अक्का फणकारली. "पंचवीस वर्षं झाली ती गोळी लागून. आता काढू कशी?"

आम्ही दोघं फाटकाशी उभे राहून एकमेकांकडे बघत राहिलो. एका बापाची दोन लेकरं, आणि दोघांनीही बापाला परस्पर वेगवेगळ्या युद्धांवर पाठवलेलं!

सव्वीस तारखेला सकाळी आठ वाजता मैदानात पोचलो, आणि मला घाम फुटला. स्टेजसमोर रणगाडा उभा होता. फ्रीजच्या दोन खोक्यांचा, हिरव्या रंगाचा, प्लॅस्टिकच्या पाइपाची तोफ लावलेला.

"कसं आहे सर?" चौधरीभाऊ माझ्या कानाशी म्हणाले. "नारळ-बिरळ नाही. आबांच्या हस्ते थेट रणगाडाच उडवायचा! आत सुतळी बॉम्बची माळ आहे. आबांनी नुसती वात पेटवायची."

आबा बॅनरसमोर उभे होते. चष्मा वर-खाली करून त्यांनी तो दोनदा वाचला.

"हाऊ कोन शे?" त्यांनी मला त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"तुम्हीच आबा."

"मन्हा झारा कथा गया?"

मी म्हणालो, "कार्यक्रमाला उशीर होतोय," आणि त्यांना स्टेजवर नेऊन बसवलं.

मग मी भाषणाला उभा राहिलो. मराठीचा मास्तर, समोर दीडशे माणसं, हातात माईक! मी धूर उठवला, तोफा डागल्या, आबांना सरपटत नेलं. तिसऱ्या रणगाड्यापाशी पोचलो आणि उत्साहात "धडाम!" म्हणून ओरडलो. तो मंडळाच्या माणसाला इशारा वाटला. आबांची वाट न बघता त्याने वात पेटवून दिली.

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण मी टेबलाखाली होतो. अक्काने नंतर सांगितलं ते असं. माळ फुटली, खोकी पेटली, जाळ मांडवाच्या कापडाकडे निघाला. बायका मुलांना घेऊन पळाल्या. चौधरीभाऊ "पाणी! पाणी!" करत पाण्याच्या जारलाच अडखळून पडले. आणि आबा पाय ओढत खाली उतरले, सतरंजीचं टोक धरून ती ओढली, पाण्याच्या पिंपात बुचकळली आणि शांतपणे त्या रणगाड्यावर टाकली. उकळत्या कढईवर झाकण ठेवावं तशी.

मी टेबलाखालून बाहेर आलो तेव्हा माईक आबांच्या हातात होता. हसणारे लोक आपापल्या खुर्च्यांवर परत येत होते.

"आग कशी विझाडानी ते माले माहीत शे," आबा म्हणाले. "मी लंगरमा व्हतू. पुऱ्या तळू. मन्हा पोऱ्या सांगस तसा मी एकबी रणगाडा नई फोडा."

आणखी थोडं हसू उमटलं. लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. आबा थांबले नाहीत.

"एकशे दहा मानसंना स्वयपाक राहे. त्यामा सातारकडना एक दगडू व्हता. रोज बोंबले, भाजीत मीठ न्हाय. रोज! एक दिवस पहाटले बठ्ठा एकशे दहा हल्लाले ग्यात. मी भाजी करी आन् म्हनं, आज दगडूले दखाडसू. मूठभर मीठ जास्त टाकं. भांडा लिसन वर गऊ. जेवन एकशे दहाना. जेवाले एकेचाळीस उनात."

माईक खरखरत होता. हसू आता कुठेच नव्हतं.

"मी इचारं, बाकीना कथा शेत? साहेब बोलना, इतने ही हैं, बाँट दो. दगडू नई उना. मी वाढं. त्या एकेचाळीस मानसंनी ती खारट भाजी खादी. बठ्ठी खादी. एकबी मानूस बोलना नई, का मीठ जास्त व्हयनं."

त्यांनी माईक चौधरीभाऊंच्या हातात दिला. चौधरीभाऊंच्या दुसऱ्या हातात शाल होती, ती आबांच्या अंगावर घालायचं त्यांना सुचलं नाही. आबा एकटेच घराकडे चालू लागले. अक्का तोंडाला पदर लावून त्यांच्या मागे गेली. मी स्टेजवर उभा होतो. 

दोन दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. तसेही ते कमी बोलतात, पण हे न बोलणं वेगळं होतं, ते घरातल्या प्रत्येक खोलीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"आबा, चुकलं माझं."

"बठ्ठासले सांगं तू," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "माले कधी इचारं नई."

मी खाली मान घातली.

"मन्ही लाज वाटे का रे तुले?"

मला थापांची चांगली सवय आहे. एखादी सहज सुचली असती. "वाटायची," मी म्हणालो. "चौथीत होतो तेव्हा. मग तीच थाप पुढे ओढत राहिलो."

आबांनी डावा पाय पुढे पसरला. मग आपणहूनच सांगू लागले. दगडू जेवताना पुरीची सुरळी करून खायचा. त्याला आई होती, बाकी कोणी नव्हतं. फौजेतून सुटल्यावर आबांनी त्याच्या गावाचा पत्ता मिळवला होता. भेटायला म्हणून ते दोनदा धुळ्याच्या स्टँडवर गेले. दोन्ही वेळा सातारा गाडी समोरून सुटू दिली आणि गावी परतले.

"का हो?"

"काय सांगू त्याना मायले?" आबा म्हणाले. "मीठ जास्त टाकं म्हनीसन?"

दारात अक्का चहा घेऊन उभी होती. तिने कप खाली ठेवला आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. त्या सकाळी आबा एकेक नाव सांगत गेले आणि मी वहीत लिहीत गेलो. त्या दिवशी जेवायला न आलेल्या एकोणसत्तरांची नावं पुरी झाली नाहीत. तेवीस आठवली. बाकीची आठवत नाहीत म्हणून त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि प्रत्येक नावाआधी ते डोळे मिटायचे. अक्काने दुपारी स्वतःहून पहूरला फोन लावला आणि सासूबाईंना सांगितलं, गोळी नव्हती, तेल होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग ते गोळीपेक्षा जास्त दुखलं असेल."

परवा रविवारी सकाळी मी आबांना म्हणालो, "मला पुऱ्या शिकवा."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि परात पुढे सरकवली. मी पीठ घेतलं, पाणी ओतलं, आणखी पीठ घेतलं, आणखी पाणी ओतलं. पाऊण तास झटल्यावर पीठ परातीत कमी आणि माझ्या कोपरांना जास्त होतं. माझी पहिली पुरी तेलात पडली ती थेट तळाला जाऊन बसली. बायकोने ती झाऱ्याने खरवडून काढली. आबांनी ती हातात घेतली, उजेडात धरली, उलटून पाहिली.

"किती वरीस व्हयनात रे तुले शाळामा शिकाडता?"

"अठ्ठावीस, आबा," मी जरा छाती काढून म्हणालो.

त्यांनी पुरी अलगद खाली ठेवली.

"पोरं पास व्हतस का?"